पोटखराबा

जोमाकाकांना जमिनीचा भाव विचारायचा असेल तर आधी पायातलं काढावं लागे. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, बांधावरून खाली उतरायचं आणि खाडीच्या चिखलात उभं राहायचं. काका बांधावर बसून विचारत, "काय लागतंय पायाला?"

"चिखल," समोरचा म्हणे.

"मंग अजून थांब."

अंजूरच्या त्या अडीच एकरांसाठी आलेले कितीतरी दलाल असे थांबून थांबून, भरतीचं पाणी चढायला लागलं की निघून गेले. एकानं बूट काढायला नकार दिला होता. त्याचा एक बूट चिखलातच राहिला. काका हे सांगताना हळहळत, पण बुटासाठी नव्हे. "चिंबोऱ्यांना काय तरास झाला असंल त्याचा," म्हणत.

मी त्या भागात तलाठी म्हणून नवीनच लागले होते. माझं सगळं आयुष्य भिवंडी शहरात, लूमच्या खडखडाटात गेलेलं. खाडी मी पुलावरूनच पाहिलेली. एका दुपारी धोतर नेसलेला, काटकुळा म्हातारा ऑफिसात आला आणि त्यानं माझ्या टेबलावर स्टीलचा डबा ठेवला.

"काका, आम्ही असं काही घेत नाही."

"लाच न्हाय गो बाय, पुरावा हाय. खा, नी पोट खराब झाला तर सांग."

मला उलगडा व्हायला वेळ लागला. ज्या जमिनीत पीक घेता येत नाही तिची सातबाऱ्यावर 'पोटखराबा' म्हणून नोंद होते. काकांची जमीन तशीच होती, आणि ती नोंद त्यांना पुसून हवी होती. आजूबाजूला गोदामं उभी राहिली, पण हिच्यात खाडीचं पाणी येई-जाई आणि तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, वाढत. मी त्यांची समजूत घातली, "काका, यात तुमचंच भलं आहे. पोटखराब्याला शेतसारा माफ असतो."

"माफ?" काका खुर्चीतून उठले. "तिनं काय गुन्हा केलाय?"

डब्यात चिंबोऱ्यांचा, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांचा रस्सा होता. मी तो खाल्ला. दिवसभर पोटाकडे लक्ष ठेवून होते. काही झालं नाही, हे दुसऱ्या दिवशी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. "मंग लिव तसा," ते म्हणाले. तसं लिहायला सातबाऱ्यात जागा नव्हती, म्हणून मी फक्त डबा धुऊन परत दिला. त्यानंतर पुरावे येतच राहिले. कधी चिखलातले निवट्या मासे, कधी कोलंबी, एकदा तर बाटलीभर गढूळ पाणी. त्यात काकांच्या मते कोलंबीची पिल्लं होती. आमचा शिपाई ते पाणी सोडून बाकी सगळ्या पुराव्यांची मनापासून छाननी करी.

'कामाचं नाही' हे शब्द काकांच्या कानावर पडले की संपलं. गावातल्या एका हळदीत कोणीतरी सहज म्हणालं, तिवरं तोडली तर बरं, काय कामाची? काकांनी वळून विचारलं, "नी तू रं काय कामाचा?" तो नवऱ्या मुलाचा मामा निघाला. हळद अर्धा तास थांबली.

त्यांचा मुलगा महेश मानकोलीला एका गोदामात सुपरवायझर होता. मुलगा सरळ, बापाला मान देणारा. पण त्यालाही कळत नव्हतं. "मॅडम, पडीकच आहे ना ती? भराव टाकून गाळा बांधला तर काय बिघडलं? मी नुसतं विचारलं तर चार दिवस बाबा माझ्या पंगतीला बसले नाहीत. तुम्हीच समजवा."

मी दोघांनाही एकच सांगितलं. जागेवर येते, पंचनामा करते, वर पाठवते. निर्णय तालुक्याचा.

ठरल्या वेळी ओहोटी होती. शेजारचे दोन जण पंच म्हणून बांधावर बसले, महेश बाजूला उभा राहिला. नियम मलाही सुटला नाही. चपला काढून मी घोट्यापर्यंत चिखलात उभी राहिले आणि काका सांगायला लागले. तिवरं लिव. चिंबोरी लिव. आखाडात काय मिळतं, थंडीत काय मिळतं, जळण किती निघतं.

"बगळं लिव."

"काका, बगळे हे उत्पन्न नाही."

"त्ये तुना कोन बोल्ला?"

मी बगळे लिहिले. पंचांपैकी एक जण म्हणाला, पावसाळ्यात खाडी फुगते ती इथंच मावते, म्हणून आमच्या घरात पाणी येत नाही. तेही लिहिलं. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, "जमीन प्रत्यक्ष वहिवाटतं कोण?"

काकांनी वाकून मूठभर चिखल उचलला.

"हिरा," मग म्हणाले.

"हिरा कोण?"

"माझी बायको. वारली, तीन वरसं झाली." ते पाण्याकडे बघत होते. "मी लूमवर ड्युटीला. लूम बंद पडला का पगार न्हाय. चाळीस वरसं ती ओहोटीला हितं उतरायची. टोपली भरली का चालत भिवंडीच्या बाजारात. घर तिनं चालवला. ह्यो महेश त्याच्यावरच शिकला."

महेश बांधावर खाली बसला.

"ती गेली, तवा दाखला काढायला गेलो. बाबूनं विचारला, बाई काय काम करायची? मी बोल्लो, काय न्हाय, घरीच असायची." काकांनी हातावरचा चिखल धोतराला पुसला. "त्यानं तसाच लिवला. काही नाही. मी सही केली. घरी येऊन वाचला, तवा मना कळला मी काय बोल्लो त्ये."

महेश हळूच म्हणाला, "बाबा, मला कधी सांगितलं नाहीत."

मी लिहिलं : 'सदर जमीन कै. हिराबाई जोमा यांनी चाळीस वर्षे वहिवाटली. व्यवसाय : मासेमारी व विक्री.' आणि वाचून दाखवलं.

"परत वाच," काका म्हणाले.

मी परत वाचलं.

महेशनं त्यानंतर भरावाचा विषय काढला नाही. पंचनामा मात्र काही महिन्यांनी तालुक्याहून परत आला. 'मागणीस आधार नाही. पूर्वीची नोंद कायम.' हे टपालानं कळवण्याऐवजी मी स्वतःच त्यांच्या घरी गेले. काका ओट्यावर जाळं विणत बसले होते. मी सगळं सांगितलं.

"हिराची लिवलेली वळ खोडली का त्यांनी?"

"नाही काका. ती आहे तशीच आहे. फाइलमध्ये राहील."

त्यांनी मान हलवली, जाळं बाजूला सारलं आणि ओट्यावर मला बसायला जागा केली. मग आत हाक मारली, "सूनबाय, चा टाक. बाय आल्ये."