नानांच्या गोठ्यातला कोरिया

नाना हवालदारांच्या घरी पाव्हणा आला की त्याला आधी पाणी नाही, कोरिया मिळायचा.

मेढ्याच्या अलीकडं, एसटीच्या रस्त्याला लागून त्यांचं घर. मागच्या पडीक तुकड्यात त्यांनी चुन्याच्या दोन रेघा मारलेल्या, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशा. पलीकडचा उकिरडा म्हणजे उत्तर. अलीकडचे वांग्याचे वाफे म्हणजे दक्षिण. मधला पट्टा म्हणजे सरहद्द, आणि पट्ट्यातला गोठा म्हणजे तंबू. पाऊस रेघा धुऊन न्यायचा, नाना परत मारायचे.

गळ्यात शिट्टी, हातात वेताची छडी. पाव्हण्यांची रांग लावून नाना सांगायला लागायचे, "कोरियाची लढाई थांबली तवा आपली पलटण गेल्ती. लढायाला न्हाई, राखणीला. मुलखाला परत जात न्हाई म्हणणारं कैदी हुतं, त्येंच्यावर पहारा. दक्षिणवाल्यांनी त्येंच्या मातीवर आमाला पाय ठिवू दिला न्हाई. मग काय? हेलिकॉप्टरनं उचलून पट्ट्यात नेऊन सोडलं!"

म्हणून वांग्यात पाय टाकायची कुणालाच परवानगी नव्हती. म्हशीला मात्र होती. "तिच्याकडं पास हाय," नाना म्हणायचे.

फेरी तंबूत संपायची. तिथं एक तिवई. पाव्हण्यानं बसायचं आणि नानांनी विचारायचं, "जायाचं का राहायाचं?" गोठ्याला दोन दारं. जाणाऱ्यानं रस्त्याकडच्या दारानं बाहेर पडायचं, राहणाऱ्यानं अंगणाकडच्या. कोरियात एकेका कैद्याला असंच विचारत होते म्हणे. नाना तेव्हा दाराशी उभे. त्यांचा हुकूम एकच, "वढायचं न्हाई, ढकलायचं न्हाई. फकस्त इचारायचं."

एकदा पुतणीला बघायला मंडळी आली. मुलाचे वडील चपला रस्त्याकडं काढल्या होत्या म्हणून त्या दारानं निघाले. नानांनी शिट्टी फुंकली आणि जाहीर केलं, "पाव्हणं चाललं! लगीन मोडलं!" आत मुलीची आई रडायला लागली. शेवटी वडिलांना परत तिवईवर बसवून अंगणाकडच्या दारानं काढलं, तेव्हा कुठं सुपारी फुटली.

मी म्हसवडकडचा. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. दुष्काळाच्या साली शिलाई मशीन एसटीच्या टपावर टाकलं आणि बायको मालन आणि दोन पोरं घेऊन इकडं आलो. ओळख ना पाळख. नाना एकटे, बायको वारलेली. मला बघून म्हणाले, "टेलर, गोठ्याला लागून एक खोली मोकळीच हाय. माझा दिनकर पुण्याला कारखान्यात असतो. तो आला की सोडायची." एवढंच बोलणं. त्या उपकारापोटी आणि थोड्या धास्तीपोटी आम्ही चौघं दर रविवारी कोरिया बघायचो. मी तिवईवर बसलो की नेहमी म्हणायचो, "राहायचं, नाना." मनातनं म्हणायचो.

एकदा मी विचारलं, "नाना, दोन्ही दारं नको म्हणणारं कुणी नव्हतं?"

"हुतं की. थोडंच हुतं. ना हिकडं, ना तिकडं. ते आमच्यासंगं बोटीनं आपल्या देशात आलं." नानांनी छडीनं दोन्ही दारं दाखवली. "त्येंच्यासाठी तंबूला दार न्हवतं बग."

मग एक दिवस दिनकरचं कार्ड आलं. कारखान्याचं काही खरं नाही, गावाकडंच यावं का बघतो, रविवारी तिघं येतोय. नानांनी चार दिवस रेघा मारल्या. गोठा दोनदा सारवला. मी मालनला म्हटलं, "बोचकी बांध."

"आवं, आदी त्येंना तर ठरवू द्या," ती म्हणाली, पण तवा पुसून पोत्यात घातलाच.

दिनकर बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन उतरला. पाणी नाही, कोरिया. आम्हीही रांगेत. वांग्याशी आल्यावर नानांनी नातीला खांद्यावर घेतलं, तोंडानं घरघर आवाज काढत वाफ्यांवरनं नेलं आणि पट्ट्यात अलगद सोडलं. "आबा, परत!" ती म्हणाली. हेलिकॉप्टर तीनदा उडालं. नियमात एकदाच होतं.

तंबूत दिनकर तिवईवर बसला. नानांनी छडी बगलेत धरली.

"जायाचं का राहायाचं?"

दिनकर हसला. "आबा, चारची गाडी हाय."

"गाडीचं इचारलं न्हाई."

दिनकरचं हसू गेलं. त्यानं बायकोकडं बघितलं, तिनं जमिनीकडं. "राहिलो असतो आबा... पर पोरीची शाळा हाय. हितं करू तरी काय?" एवढं बोलून तो नानांच्या तोंडाकडं बघत बसला. 'राहा' एवढा एक शब्द त्याला हवा होता, हे मला अडाण्यालाही कळलं. मी कोपऱ्यात उभा. देवा, नानांनी तो शब्द बोलू नये, असं मी मनात म्हणत होतो. आज लिहितानाही लाज वाटते.

नाना दोन पावलं मागं सरले.

दिनकर उठला आणि रस्त्याकडच्या दारानं गेला. पोरगी रेडकाच्या मागं अंगणाकडच्या दारानं पळाली. तिला तिच्या आईनं उचलून रस्त्याकडं आणलं.

गाडी गेल्यावर मी गोठ्यात गेलो. नाना स्वतः तिवईवर बसले होते.

"नाना, तुम्ही एकदा राहा म्हणाला असता, तर दिनकर राहिला असता."

"पहाऱ्यावरच्या माणसानं वढायचं न्हाई, टेलर."

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी त्यांच्यापुढं उभा राहिलो आणि विचारलं, "तुम्हाला कुठं जायचंय, नाना?"

त्यांनी रस्त्याकडचं दार बघितलं. अंगणाकडचं बघितलं. मग म्हणाले, "चुना संपलाय. उद्या आणला पायजे."

दुसऱ्या दिवशी चुना आणला नाही. सकाळीच पहारीचे ठोके ऐकू आले. बघतो तर नाना आमच्या खोलीकडची गोठ्याची भिंत फोडत होते. दुपारपर्यंत माणूस वाकून जाईल एवढं भगदाड झालं.

त्या दिवसापासनं चहाच्या वेळेला नाना त्यातनं वाकून यायचे. अंगावर माती, गळ्यात शिट्टी. अर्धे आत, अर्धे बाहेर थांबायचे आणि मालनला विचारायचे, "यिऊ का नगं, सूनबाई? तुमी सांगायचं."

मालन सरळ हात धरून त्यांना आत ओढायची.