बोकाळण्यावर बंदी

खासदारसाहेब दाढी करत होते. तेवढ्यात पत्नीनं मोबाइल आरशासमोर धरला आणि हसू दाबत विचारलं, "अहो, हे पाहिलंत का?"

मोबाइलवर एक गलेलठ्ठ बोका कोट घालून माइकसमोर उभा होता. मिशा साहेबांच्या, पोट साहेबांचं, चष्मासुद्धा साहेबांचाच. खाली लिहिलं होतं, 'बोका बोले स्वातंत्र्यावर, डोळा त्याचा लोण्यावर!'

साहेबांचा हात हलला आणि गालावर रक्ताचा थेंब आला.

"चांगलं काढलंय हो," पत्नी म्हणाली. "शेपटी तेवढी लांब झालीय."

"यात हसण्यासारखं काय आहे?"

आता हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर आपण सोडून दिलं असतं. पण साहेब 'बोलू द्या' चळवळीचे पुढारी. सरकारनं एका नकलाकाराला आत टाकलं तेव्हा ते दिवसभर पोलीस ठाण्यासमोर उन्हात बसले होते. 'ज्याला थट्टा सोसत नाही, त्यानं खुर्चीत बसू नये' हे त्यांचंच वाक्य. त्याचे टी-शर्ट निघाले होते. त्याच विषयावर आज संध्याकाळी नगरसभागृहात त्यांचं मोठं भाषण होतं आणि ते ऐकायला आई येणार होती. आजवर तिनं त्यांचं एकही भाषण समोर बसून ऐकलं नव्हतं. तिला कमी ऐकू यायचं. सभागृहात आता बोललेलं पडद्यावर अक्षरांत उमटायची सोय झाली म्हणून तिला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवायचं ठरलं होतं. लोकांनी आपल्याला डोक्यावर घेतलेलं आईनं डोळ्यांनी पाहावं, एवढी एकच इच्छा या माणसाची अजून खरी उरली होती.

आणि नेमक्या त्याच दिवशी हा बोका! त्यातून ते घरातलं नाव. लहानपणी दुधावर फार डोळा, म्हणून घरी सगळे त्यांना बोक्या म्हणायचे. ते बाहेर गेलं कसं, हेच साहेबांना कळेना.

त्यांनी आपल्या सहायकाला बोलावलं. त्याला सगळं कार्यालय 'होयबा' म्हणायचं आणि तो त्यालाही हो म्हणायचा.

"चित्र काढणाऱ्यावर तक्रार ठोकू का, साहेब?"

"छे छे! आपण त्यातले नाही. टीकेचं आपण स्वागतच करतो. पण ही टीका नाही, होयबा. हे मांजर आहे."

"हो साहेब. मग?"

"निदान आपल्या अंगणात तरी हा शब्द दिसता कामा नये. नेटवरचं आपलं पान, पक्षाचं पान, आजची सभा. कुठे म्हणजे कुठेही नाही."

"कोणता शब्द? बोका?"

"उच्चारू नकोस!"

"हो साहेब. मशीनला सांगून टाकतो. बोका, बोक्या, बोकोबा... सगळ्या विभक्त्यांसकट बंद. शब्द आला रे आला की फुल्या!"

साहेब समाधानानं तयारीला लागले. मशीनला विभक्ती कळते, पण अक्कल नसते, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. आई नवा चष्मा घालून पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी सूनबाई. साहेबांनी घसा साफ केला आणि आपल्या हुकमी वाक्याला हात घातला.

"मित्रहो, या देशात असहिष्णुता बोकाळली आहे!"

पडद्यावर उमटलं, 'असहिष्णुता ×××ळली आहे.'

पहिल्या रांगेत आईनं चष्मा काढून पुसला.

"खुशामत बोकाळली आहे!"

'खुशामत ×××ळली आहे.'

मागे खसखस पिकली. साहेबांना वाटलं, रंग भरतोय. त्यांनी आवाज चढवला. "आणि भीती तर अशी बोकाळली आहे, अशी बोकाळली आहे..."

पडदा फुल्यांनी भरून गेला. आईनं सुनेच्या कानाशी लागून, पण बहिऱ्या माणसाच्या आवाजात विचारलं, "अगं, शिव्या का देतोय गं तो?"

"साहेब, काय-ळली?" मागून कुणीतरी ओरडलं आणि सभागृह कोसळलं.

साहेबांनी मान वळवली आणि त्यांना पडदा दिसला. इथे गुपचूप 'माजली' म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण पुढाऱ्याला फुल्या दिसल्या की शत्रूच दिसतो.

"पाहा!" ते गरजले. "पाहा ही मुस्कटदाबी! माझ्या तोंडचा शब्द भर सभेत खोडला जातोय! कोण आहे हा भेकड? ज्यानं हा शब्द बंद केला, त्याचं नाव मला इथे, याच माइकवर हवं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "नाव! नाव!" लोक ओरडू लागले. विंगेतून होयबा दोन्ही हात हलवत नाही-नाही करत होता. आयुष्यात पहिल्यांदाच. साहेबांनी त्याला ओढून पुढे आणलं. बिचारा त्यांच्या कानात कुजबुजला, पण कान आणि माइक यांत वीतभरसुद्धा अंतर नव्हतं.

'साहेब, आपणच म्हणालात ना, ××× कुठेही दिसता कामा नये,' पडद्यानं इमानेइतबारे लिहिलं.

मग जे हसू उठलं त्यानं साहेबांचे कान तापले. आणि त्या हसण्यात आई उठून उभी राहिली. कुणीतरी घाईनं तिच्या हातात माइक दिला.

"हसू नका हो त्याला," ती म्हणाली. "चूक माझी आहे. त्याच्या फोटोखाली रोज मीच लिहिते, छान बोललास रे म्हणून. त्या चित्रातलं नाव तिथूनच उचललं असणार लोकांनी. आज दुपारी लिहिलं, तर उत्तर आलं की तुमची भाषा असभ्य आहे. मला काय ठाऊक? मी तर त्याला लहानपणापासून बोक्याच म्हणते."

तिनं सवयीनं पडद्याकडे पाहिलं. 'मी तर त्याला लहानपणापासून ×××च म्हणते.'

ती दचकली. "अगंबाई, परत आला तोंडातून! माफ करा हं." तिनं माइक खाली ठेवला आणि चोरी पकडल्यासारखी अंग चोरून बसली.

साहेबांच्या हातात माइक होता. 'आई, असभ्य तू नाहीस, मी आहे,' एवढं म्हणायचं होतं. या माणसाची जीभ कधी अडखळली नव्हती. पण समोर कॅमेरे होते आणि मागे पडदा. "तांत्रिक बिघाडाबद्दल दिलगीर आहोत," असं ते म्हणाले. पडद्यानं ते एकही फुली न मारता, स्वच्छ अक्षरांत छापलं. ते वाचताना त्यांना आपलीच इतकी शरम वाटली की पहिल्या रांगेकडे त्यांनी पुन्हा पाहिलंच नाही.

घरी पोचताच त्यांनी होयबाला फोन लावून बंदी उठवायला लावली. बोका, बोक्या, बोकोबा, सगळे मोकळे झाले. त्या बोक्याचं चित्र तर साहेबांनी स्वतःच आपल्या पानावर टाकलं आणि वाट बघत बसले.

सकाळी चित्राखाली आईची ओळ आली. प्रत्येक अक्षर जपून लिहिलेलं होतं.

'माननीय खासदारसाहेब, आपलं भाषण आवडलं.'