सायाळबाईचा बिनखिडक्यांचा ट्रेलर

बाळांनो, एका जंगलात एक सायाळबाई राहायची. त्या जंगलात मोबाईलला रेंज फक्त वारुळावर यायची. सायाळबाई रोज वारुळावर चढायची, जगात कुठे काय वाईट झालं ते वाचायची आणि घाबरून खाली उतरायची.

तिला दोन पिल्लं होती, टोकी आणि बोथ्या. दोघांनी एकच हट्ट धरला होता. डोंगरापलीकडच्या तळ्यावर गुलाबी रोहित पक्षी उतरतात, ते बघायचे. पाडवा आला की पक्षी उडून जातात.

"उघड्यावर मुक्काम करायचा?" सायाळबाई म्हणाली. "मुळीच नाही."

मग तिच्या नवऱ्याने, काटेरावाने, करवंदीच्या जाळीतून एक जुना ट्रेलर ओढून काढला. दोन चाकांचा, आत चौघं झोपतील एवढा. कुणा शिकाऱ्याने टाकून दिलेला. काटेरावाने त्याचा गंज खरवडला. कुजलेल्या फळ्या बदलल्या. दगडाधोंड्यांत पोट घासू नये म्हणून मोठी चाकं बसवली. मागे चुलीसाठी ओढून बाहेर काढायचा ओटा केला. दोन्ही बाजूंना पिल्लांना डोकावता येईल एवढी एकेक खिडकी ठेवली.

ओढायला गवा येऊन उभा राहिला.

"अहो, खिडकीतून वारं येईल," सायाळबाई म्हणाली. "बोथ्याची छाती लगेच भरते."

एका खिडकीवर पत्रा बसला.

"आणि ह्या खिडकीतून बिबट्या आला म्हणजे?"

"अगं, एवढ्याशा खिडकीत बिबट्या मावेल का?"

"पंजा मावेल की."

दुसरीवरही पत्रा बसला. दाराला तीन कड्या लागल्या. छपरावर जाड फळी आली, वरून नारळ पडला तर म्हणून.

"वहिनी, आपल्याकडे नारळाची झाडं नाहीत," गवा म्हणाला.

"वाटेत लागली तर?"

ह्यात आठ दिवस गेले. शेवटी काटेराव हात जोडून म्हणाला, "निदान दाराला बाहेर बघायचं एक भोक तरी ठेवू."

"ठेवा. पण आधी मी बघणार."

ऐन पाडव्याच्या सकाळी ट्रेलर तळ्यावर पोचला. बाहेर नुसता कलकलाट. पिल्लं दाराकडे धावली.

"थांबा. आधी मी बघते."

सायाळबाईने भोकाला डोळा लावला. सगळं पाणी गुलाबी झालं होतं. असं काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"आई, बिबट्या आहे का?"

"बघतेय."

"आई, आता मला."

"थांब रे. त्या कोपऱ्यातलं बघायचं राहिलंय."

तेवढ्यात थवा उठला. शेवटचा पक्षी डोंगराआड जाईपर्यंत तिचा डोळा भोकावरून हलला नाही. मग तिने एकेक करत तिन्ही कड्या काढल्या.

"या रे बाहेर. आता काही भीती नाही."

बाहेर पाणी होतं, चिखल होता. टोकीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"आई, कसे होते गं?"

"फार सुंदर," सायाळबाई म्हणाली आणि तिने पदराने डोळे टिपले.

तात्पर्य: पिल्लांना जग दाखवण्याआधी आईने ते स्वतः शेवटपर्यंत बघून घ्यावं. उरलं तर दाखवावं. नाही उरलं, तर नुसतं सांगावं. सांगण्यात काही धोका नसतो.