मोफतच्या खाली काय भाव?

बाळांनो, जरा कल्पना करा. तुम्ही नवापूरच्या मासळीबाजारात उभे आहात. समोर वत्सलाआजी बसली आहे. हातात कोयता, पुढ्यात पापलेटांची टोपली. एखादं गिऱ्हाईक विचारतं, "ताजी आहेत ना?" आणि आजी त्याच्याकडे अशी बघते, की ते गिऱ्हाईकच शिळं वाटायला लागतं!

"चाळीस वर्सं धंदा करते," आजी सगळ्यांना ऐकवायची. "मला फसवनारा अजून जल्माला यायचाय!"

आता याच आजीचा उजवा हात फडक्यानं गळ्यात अडकवलेला बघा. उपड्या टोपलीवर चढून बोंबील वाळत घालताना ती घसरली आणि मनगट मोडलं. बोईसरला हाडाचा एक्स-रे फोटो काढला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवावी लागेल, तीही दहा दिवसांच्या आत. नाहीतर हाड वाकडं जुळेल." हाड वाकडं जुळलं की कोयता धरता येणार नाही, आणि कोयत्याशिवाय आजी म्हणजे वल्ह्याशिवाय होडी!

घरात मोफत उपचारांचं सरकारी विम्याचं कार्ड होतं. पाचवीतल्या सलोनीनं, म्हणजे आजीच्या नातीनं, ते आपल्या वहीच्या कव्हरात जपून ठेवलेलं. आई-बाबा दोघंही कारखान्यात पाळीवर. म्हणून आठव्या दिवशी दप्तर पाठीला लावून सलोनीच आजीला घेऊन निघाली.

पहिल्या दवाखान्याच्या दारावर मोठी पाटी होती, "येथे कार्ड चालते."

"हाडाच्या ऑपरेशनला चालतं?" सलोनीनं विचारलं.

"नाही. आमचे हाडांचे डॉक्टर कार्डात नाहीत. पोटाचं काही असेल तर सांगा."

"आता पोट मोडून येऊ काय?" आजी कडाडली.

दुसऱ्या ठिकाणी हाडांचे डॉक्टर होते. भिंतीवर हसरा सांगाडासुद्धा होता. पण काउंटरवरच्या मुलीनं ते कार्ड दोन बोटांनी असं मागे सरकवलं, जसा काही कुजका बांगडा! "इथे कार्ड नाही चालत, आजी."

बाहेर येऊन आजी पायरीवर टेकली. "सलोनी, ह्यात कायतरी गोम हाय. सरकार फुकट कशाला देईल? आपन मासं फुकट कवा देतो?"

सलोनीनं विचार केला. "संध्याकाळी. उरले तर."

"आनि ते कसे असतात?"

"वास येणारे."

"बस! डाक्तर पन तसाच मिलेल!"

तिसरा दवाखाना पालघर रस्त्यावर होता. तिथे कार्डही चालत होतं आणि हाडांच्या डॉक्टर प्रियदर्शिनीही होत्या. मात्र आज गेल्या की त्या थेट पुढच्या बुधवारी येणार होत्या. बुधवारपर्यंत आजीचे दहा दिवस उलटून जाणार होते!

दाराशी आजीनं नातीला बाजूला घेतलं. "ऐक. गरज हाय असं समोरच्याला कललं, की भाव चढला! मी बोलेन त्यात तोंड घालू नको. चपला दाराकडं तोंड करून काढ. मी उठले की तू पन उठ. मागं बघायचं नाय. भाव उतरवून तेच हाक मारतात."

कार्डाच्या टेबलावर शैलेश नावाचा तरुण फॉर्म भरत होता.

"काय त्रास आहे, मावशी?"

"त्रास? नाय बा. सहज आले."

"मग हात गळ्यात का अडकवलाय?"

"उकडतं ना. वारा लागावा म्हनून."

"दुखतंय का?"

"छे! मजेत हाय!" आजी म्हणाली आणि टेबलाखाली तिच्या पायाची बोटं वळली.

"फोटो काढलाय?"

"नाय."

फोटोचं पाकीट आजीच्या पिशवीतून चांगलं वीतभर वर आलं होतं! सलोनीनं ओठ घट्ट मिटले. आज्ञा म्हणजे आज्ञा.

"तरी पन," आजी बेफिकीर आवाजात म्हणाली, "समजा ऑपरेशन करायचं झालं, तर काय भाव?"

"मोफत, मावशी."

"आनि त्याच्या खाली?"

शैलेशनं पेन खाली ठेवलं. "मोफतच्या खाली काय असतं?"

"ते तुमी सांगायचं! माल तुमचा हाय!"

शैलेशनं कपाळ चोळलं आणि फॉर्मवर लिहिलं, "काही त्रास नाही." मग म्हणाला, "तुम्हाला घाई दिसत नाही. बुधवारी या, डॉक्टरांना नुसतं दाखवायला."

"नरमला!" आजी नातीच्या कानात कुजबुजली. मग मोठ्यानं म्हणाली, "चल ग! दुसरीकडं बघू!"

चपला घातल्या. एक पाऊल. दुसरं पाऊल. तिसरं तर इतकं सावकाश, की मधे एक मांजर आरामात निघून गेलं! दोघी फाटकापर्यंत पोचल्या.

"हाक मारली काय ग?"

"मारली."

"बघ! मी बोललेली ना?"

"पुढच्या नंबरला मारली, आजी."

आजी मटकन कठड्यावर बसली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिनं गळ्यातल्या हाताकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "दुखतंय ग खूप. कोयता नाय धरता आला, तर मी बाजारात बसून करू काय?"

सलोनीनं पिशवीतला फोटो उपसला आणि आत धूम ठोकली. डॉक्टर प्रियदर्शिनी खांद्याला पर्स लावून निघतच होत्या.

"आजी खोटं बोलते!" सलोनी एका दमात म्हणाली. "तिला उकडत नाही, तिचं हाड मोडलंय! रोज उशी चावून झोपते! कोयता नाही धरता आला तर ती बाजारात काय करेल? हा घ्या फोटो!"

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, फॉर्म वाचला, पुन्हा फोटो बघितला. "शैलेश, कार्डाच्या मंजुरीसाठी लगेच पाठव. उद्या सकाळी हे ऑपरेशन करते, मगच जाते." आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या आजीला म्हणाल्या, "आजी, कोयता धरता येईल. पण आता खरं बोला."

आजीनं मान खाली घातली. चपला काढल्या आणि गुमान आत येऊन बसली. शैलेशनं नवा फॉर्म घेतला.

"मावशी, पट्टी मोफत. औषधं मोफत. जेवणही इथेच."

आजीचे डोळे बारीक झाले. "जेवन पन?"

"हो. आणि घरी जायचं भाडंसुद्धा मिळतं."

"भाडं पन!" आजी ताडकन उठली. "आता वास आला मला! सलोनी, चपला आन!"

सलोनी शहाण्यासारखी दाराशी गेली. तिनं एक चप्पल दप्तरात कोंबली, चेन लावली आणि दुसरी आणून आजीसमोर ठेवली.

"एकच मिळाली, आजी," ती म्हणाली, अगदी आजीच्याच "मजेत हाय"च्या चेहऱ्यानं. आणि दप्तरावर ऐसपैस बसली.