कुटुंबप्रमुख, मुक्काम मुरुड

माणसाला जन्मतः आईबाप असतात, गाव असतं, जातही असते. दर्जा मात्र फॉर्म भरल्याशिवाय मिळत नाही. हे सत्य अमेरिकेने १९५६ साली मुरुडच्या कोळीवाड्याला कळवलं, त्याबद्दल त्या राष्ट्राचे आभार मानावे तितके थोडेच.

निमित्त झालं दादूचं. दादू एका अमेरिकन मालबोटीच्या इंजिनघरात तेल घालायला होता. परदेशी कामगाराच्या पगाराला तिथलं सरकार शेकडा तीस कराची कात्री लावी. पण कामगाराने आपला दर्जा नीट निवडला तर कात्री हलक्या हाताने चालते, असं बोटीवर कोणीतरी सांगितलं. म्हणून रजेवर येताना दादू चार पानी फॉर्म घेऊन आला. वाचलेल्या पैशातून घरच्या मासेमारीच्या मचव्याला इंजिन बसवायचं ठरलं होतं. (मचवा त्याची बायको केसर हिचा. तिच्या बापाने तिला दिलेला.)

फॉर्म वाचायला हरीभाऊ किनाऱ्यावर बसले. हरीभाऊ म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि नारळीच्या वाडीचे मालक. त्यांनी अमेरिका पाहिलेली नव्हती, त्यामुळे ते तिच्याविषयी खात्रीने बोलू शकत.

दर्जे तीन होते: अविवाहित, विवाहित आणि कुटुंबप्रमुख. पहिला घ्यायला दादूची हरकत नव्हती, पण केसर शेजारीच बसली होती. सगळ्यात जास्त सवलत तिसऱ्याला होती.

"कुटुंबप्रमुख म्हणजे घर चालवणारा," हरीभाऊ म्हणाले. "तुझं घर कोण चालवतं?"

"ही," दादू म्हणाला.

यात त्याची चूक नव्हती. कोळीवाड्यात मासळी पुरुष आणतात, विकतात बायका, आणि पैसा बायकांच्या कनवटीला राहतो. पाहणीअंती असं आढळलं की तिथले शेकडा ब्याण्णव नवरे विडीचे पैसे बायकोकडून घेतात. (उरलेले आठ विडी ओढत नाहीत.)

"तसं लिहिता येत नाही," हरीभाऊ म्हणाले. "लिहायचं, पत्नी पूर्णपणे पतीवर अवलंबून. तिला स्वतःचं उत्पन्न नाही. खाली हिचा अंगठा."

"मी? ह्याच्यावर?" केसर उठूनच उभी राहिली. "मास्तर, मचवा माजा, बाजार माजा. ह्यो बोटीवर जातो तवा ह्याची पेटी मी भरून देते. आन् कागदावर मी ह्याच्या जीवावर जगते व्हय?"

"केसरबाई, फक्त कागदावर."

केसरने दादूकडे पाहिलं. दादू वाळूकडे पाहत होता. वारा पडला की बिनइंजिनाचा मचवा समुद्रातच अडकतो आणि मासळी किनाऱ्याला येईतो सडते, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने अंगठा उठवला. मग तो पदराला पुसला, बराच वेळ पुसला. मी तिथेच बसलो होतो. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यासाठी फॉर्मात रकाना नसतो.

अलिबागला सरकारी कचेरीतल्या साहेबांपुढे फॉर्मावर शिक्का बसला. आपल्या कचेरीने एक नक्कल ठेवून घेतली. (मागितली कोणीच नव्हती. मिळेल ते ठेवून घ्यायचं, हा कचेरीचा स्वभाव.)

चार महिन्यांनी अमेरिकेचं उत्तर आलं. भाषा फारच अदबीची होती. पत्नी अवलंबून आहे याची नोंद घेतली आहे. मात्र आमच्या देशाबाहेरची माणसं, कितीही अवलंबून असली तरी, आम्ही मोजत नाही. सबब शेकडा तीस कायम.

तेव्हा केसर इंजिनासाठी सरकारी कर्ज मागायला अलिबागला गेली. कारकुनाने तत्परतेने नक्कल बाहेर काढली.

"बाई, तुम्हीच लिहून दिलंय, उत्पन्न नाही. कर्ज कुटुंबप्रमुखांना मिळेल. त्यांना घेऊन या."

कुटुंबप्रमुख त्या वेळी पनामाच्या आसपास तेल घालत होते.

"मचवा माज्या नावाव हाय, सायेब."

"उत्पन्न नाही, आणि मचवा आहे? विसंगती आहे," कारकून म्हणाला आणि त्याने ती सुंदर अक्षरात दूर केली. मचवा दादूच्या नावे चढला. एका अंगठ्यात दोन सरकारांचं समाधान झालं, आणि केसर मालकीण म्हणून गेली होती ती अवलंबून होऊन परतली. त्या मोसमात मचवा शिडावरच चालला, वारा असेल तेव्हा.

वाचकहो, या लोकांना हसण्यापूर्वी एक करा. तुमच्या रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून तुमचंच नाव आहे ना? ते कार्ड जरा काढून दाखवा पाहू. नाही, स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारू नका. स्वतः काढा.