रव्याच्या कणाएवढ्या जीवाचे समन्यायी वितरण

प्रांतकचेरीत येणारा प्रत्येक कागद त्याच्या शीर्षकातील शेवटच्या शब्दावरून योग्य त्या विभागाकडे पाठवला जातो. ही पद्धत अत्यंत सोयीची आहे; तिच्यामुळे कागद वाचावा लागत नाही. अनवार झर्हूनी या तरुण प्राणिशास्त्रज्ञाच्या अहवालाचे शीर्षक होते, ‘लहजलच्या दायातील सूक्ष्म कवचधारी जीव : वर्गवारी व वितरण’. आता ‘वितरण’ला इथल्या अरबीत ‘तौझीअ’ म्हणतात, आणि त्या एकाच शब्दात प्राण्यांचा जगभरातील आढळही येतो आणि सवलतीच्या पिठाची वाटणीही येते. अहवाल पीठ, साखर आणि दुष्काळी बार्ली वाटणाऱ्या विभागात गेला. आणि त्या विभागाने, आजवरची परंपरा मोडून, तो वाचला.

अनवारचे मागणे साधे होते. मामोराच्या बुचाच्या जंगलात, लहजल गावाशेजारी, हिवाळ्यात भरणारे आणि उन्हाळ्यात भेगाळणारे एक तळे, म्हणजे दाया, आहे. त्यात रव्याच्या कणाएवढा एक जीव राहतो. तो जगात इतरत्र कोठेही नाही. सबब तळ्याभोवती कुंपण घालावे. माणसांत बसले की अनवारचे शब्द आटत. त्या काठावर गुडघे टेकून मात्र त्याने कित्येक हिवाळे न कंटाळता काढले होते. पाण्याने त्याला कधी मोठ्याने बोलायला सांगितले नव्हते.

“बसा, सी अनवार,” विभागप्रमुख हाज जिलाली म्हणाले.

अनवारने खिशातून काचेची छोटी बाटली काढली आणि मेजावर ठेवली. तिच्यात तळ्याचे पाणी होते, आणि पाण्यात ते जीव होते. पुदिन्याच्या चहाचे तबक आले, तेव्हा हाजनी बाटली बाजूला सरकवली.

“‘जागतिक वितरण : फक्त लहजल. अन्यत्र नाही,’” हाजनी वाचले आणि चष्मा काढला. “बाळा, माझे केस पांढरे झाले या खुर्चीत. पण सगळाच्या सगळा माल एकाच गावाला द्यायची हिंमत मीसुद्धा केली नाही रे.”

“ते मी दिलेलं नाही, हाज. ते तिथेच असतात.”

“सगळे असंच म्हणतात. तुझं आजोळ कुठलं?”

अनवारने मान खाली घातली. “लहजल.”

“या अल्लाह! निदान खोटं तरी बोलायचंस!”

मग हाज वर्गवारीकडे वळले. तेथे ‘कुल : डायाप्टोमिडी’ असे लिहिले होते. दाराशी उभ्या असलेल्या मुकद्दमाला त्यांनी आत बोलावले. गावात कोणाकडे पाहुणा आला आणि कोणाची शेळी व्याली, हे सरकारला कळवणे हे मुकद्दमाचे काम.

“हे कुठलं घराणं रे? तुझ्या हद्दीत आहेत का हे लोक?”

“नाही साहेब. बाहेरून आलेले दिसतात. नाव फ्रेंच वाटतंय.”

“लॅटिन आहे,” अनवार पुटपुटला.

“म्हणजे स्पेनकडचे,” मुकद्दम म्हणाला. “तरीच रात्रीतून तळ्यात घुसले!”

लहजलला जगात कोणालाच न मिळालेले काहीतरी मिळते आहे, ही बातमी मुकद्दमाच्या तोंडून गुरुवारच्या बाजारात पोहोचली. बाजार उठायच्या आत शेजारच्या औलाद हमीदा गावाचे शिष्टमंडळ कचेरीत हजर झाले.

“आम्ही काय मतं दिली नाहीत?” पुढारी कडाडला.

“पण तुम्हाला हवंय काय?” अनवारने विचारले.

“ते त्यांना विचारा, ज्यांना मिळतंय! आम्हाला तेच हवं, आणि त्यांच्याहून कमी नको.”

यावर खास बैठक भरली. अनवारने बाटली पुन्हा मेजावर ठेवली. कोणीतरी तिच्याखाली उडणारे कागद दाबले. तो उभा राहिला, आणि आयुष्यात प्रथमच त्याचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

“दुसऱ्या पाण्यात ते मरतील. तळं आटतं तेव्हा त्यांची अंडी गाळात झोपतात. सगळा उन्हाळा तशीच पडून राहतात, पाण्याची वाट बघत. तो गाळ हलवलात, तर काहीच उरणार नाही.”

हाजना हे मनापासून पटलेले दिसले.

“बरोबर बोलतो पोरगा,” ते म्हणाले. “नुसतं पाणी देऊन चालणार नाही. गाळही वाटा. अर्धवट वितरणाचा ठपका मला नको.”

वितरणाचा दिवस मोठा देखणा झाला. तंबू ठोकले, गालिचे अंथरले, फलक लागला. टँकरने पाणी उपसले आणि यंत्राने तळ खरवडला. प्रत्येक गावाला पाण्याच्या बाटल्या आणि गाळाची पोती मिळाली. लहजलला मात्र काहीच मिळाले नाही. त्या गावाने पिढ्यानपिढ्या उपभोगलेला जादा लाभ त्याच्या वाट्यातून वळता करण्यात आला.

“हे शिजवायचं की पेरायचं?” रांगेतल्या हलीमाने विचारले. सारे तिला ‘खालती’, म्हणजे मावशी, म्हणत.

“खालती, आधी घे तर,” मुकद्दम म्हणाला. “सूचना मागाहून येतील.”

सूचना आल्या नाहीत. खालतीने पाणी कोंबड्यांना पाजले. कोणी ते गुरांच्या हौदात ओतले, कोणी पाहुण्यांना दाखवण्यासाठी शीतपेटीत ठेवले. औलाद हमीदाने आपल्या बाटल्या शेजाऱ्यांच्या बाटल्यांहून मोठ्या असल्याची खात्री करून घेतली आणि मग त्या फेकून दिल्या.

लवकरच सुधारित नोंद झाली : ‘वितरण : संपूर्ण प्रांत.’ इतका सर्वत्र असलेला जीव दुर्मीळ कसा? सबब कुंपणाची गरज नाही. खड्डा आयता तयार होता. तेथे पिठाचे गोदाम मंजूर झाले. वितरणातील भरीव वाढीबद्दल अनवारचा सत्कार झाला. हाजनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बघ, एका गावापुरता अडकला होतास. आता साऱ्या प्रांताचा झालास.”

पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी अनवार गोदामाच्या पायाशी गेला. चरात थोडे पाणी साचले होते. तो सवयीने गुडघे टेकून बसला आणि भिंग लावून प्रकाश सरेपर्यंत पाहत राहिला. पाण्यात आभाळ होते, आणि सिमेंटची पातळ साय. मग त्याने खिशातली बाटली उजेडाकडे धरली. मेजामेजांवर सरकवली गेलेली, कागदांवर बसवलेली ती बाटली. तिच्यातली हालचाल केव्हाच थांबली होती.

एका प्रश्नाचे उत्तर त्याने पहिल्या दिवसापासून तयार ठेवले होते. फार सुंदर उत्तर होते ते; वाटेने येता-जाता त्याने त्यातला शब्द न् शब्द घासून घेतला होता. हा जीव दिसतो कसा, एवढेच कोणी विचारायचे होते. हाजनी विचारले नाही, मुकद्दमाने नाही, रांगेतल्या कोणीही नाही.

हे वाचताना तुम्हीही विचारले नाही. तेव्हा लाभार्थ्यांत तुमचेही नाव धरले आहे; तुमचा वाटा तुम्हाला पोहोचला, असे समजण्यात येत आहे.