कमी खर्चात नाक वर

उंची ही मोजायची गोष्ट नसून शेजाऱ्याला दाखवायची गोष्ट आहे.

हॉटेलच्या तळघरात शिरताना वर एक आडवा पिवळा दांडा लागतो.

मामा उपाशीपोटीही वजनदार असतात.

धुतलेल्या चादरीवर झोपायला माणसं पैसे मोजतात. ताईचं घर त्यावर चालतं.

पिळलेली वस्तू संधी मिळताच उलगडायला बघते (टॉवेल, सळई, दाजी).

वरील विधानांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, असं माझ्या दाजींचं ठाम मत होतं. म्हणून हा अहवाल.

ताईची लाँड्री आहे. एका मोठ्या हॉटेलच्या चादरी नि टॉवेल तिच्याकडे धुवायला येतात, आणि दाजी ते गठ्ठे रोज सकाळी पिकअपमधून हॉटेलच्या तळघरात पोचवतात. हे एक गिऱ्हाईक गेलं, तर लाँड्रीत धुवायला फक्त नातेवाइकांचे कपडे उरतील (ते फुकट धुवावे लागतात). करार त्याच आठवड्यात नव्याने व्हायचा होता. मॅनेजरने ताईला बजावून ठेवलं होतं, "एक दिवस जरी घोळ झाला, तरी दुसरी लाँड्री तयारच आहे."

अशा नाजूक आठवड्यात जबाबदार माणूस काय करतो? गाडी उंच करतो.

अधिकृत कारण गतिरोधक हे होतं. खरं कारण समोरच्या दूधवाल्याच्या दारात उभं असायचं. त्याची पिकअप आमच्यासारखीच, रंगसुद्धा तोच, पण नाक वर करून उभी. आमची आपली मान खाली घालून. "बघ ना," दाजी मला म्हणाले, "जशी काय कुणाच्या घरचं काहीतरी उचलून आलीय!"

पिकअपचं नाक वर करण्याच्या दोन पद्धती शास्त्राला ज्ञात आहेत. पहिलीला नवे सुटे भाग लागतात. दुसरीला एक पाना लागतो, आणि तो उसना मिळतो. आमच्या गाडीच्या पुढच्या चाकांना स्प्रिंगऐवजी पिळाची सळई आहे. तिच्या टोकाचा बोल्ट आवळला की सळईला पीळ बसतो आणि नाक वर येतं. फिटरने पाना देताना सांगितलं, "चार बोटांच्या वर नेऊ नका." दाजींनी सूचना तंतोतंत पाळली. चारच बोटं मोजली. (पसरून.)

योजनेचे लाभ तातडीने दिसू लागले. हेडलाइटने रस्त्याचा नाद सोडला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात प्रकाश पाडला. खड्डा आता थेट मणक्याला भेटू लागला. मध्ये कोणी दलाल उरला नाही. गाडीत चढायला स्टूल लागायचं, पण चढल्यावर ते रस्त्यावरच राहायचं, म्हणून स्टुलाला दोरी बांधली, आणि दोरी ओढायला मला नेमलं. अशा रीतीने रोजगारनिर्मितीही झाली. एका पाहणीनुसार, गल्लीतले सगळेच्या सगळे लोक थांबून बघत होते. पैकी नव्वद टक्के हसत होते. उरलेले दहा टक्के दाजी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप हॉटेलच्या उतारावर आली, आणि गाडीचा टप पिवळ्या दांड्याला टेकला. मागे गठ्ठे, वर पाहुणे आंघोळ करून टॉवेलची वाट बघत असलेले.

"अहो, मग तो बोल्ट सैल करा ना," करारासाठी सोबत आलेली ताई म्हणाली.

तिने जणू माहेरचं घर विकायला सांगितलंय, असं दाजींनी तिच्याकडे पाहिलं.

"एकदा वर नेलेली वस्तू खाली आणायची? लोक काय म्हणतील?"

"लोक हसतायत!"

"हसणं वेगळं. म्हणणं वेगळं."

उंची कमी करायची नसेल आणि गाडी खाली तर यायला हवी असेल, तर उपाय एकच उरतो: नाकावर नातेवाईक बसवणे. दाजींच्या घरातले सगळे काटकुळे, त्यामुळे मनुष्यबळ ताईच्या माहेरून मागवावं लागलं. बॉनेटच्या मध्यभागी मामा. डावीकडे आत्या, पर्ससकट (पर्स वजनात धरली आहे). उरलेल्या जागेत मी. दांडा आला की सगळ्यांनी डोकी खाली घालायची, असा हुकूम.

"मामा, जरा पुढे सरका. तुमचं वजन वाया जातंय," दाजी ओरडले.

"मी पाहुणा आहे की पोतं रे?"

"आत्ता पोतं व्हा, संध्याकाळी पाहुणे व्हा!"

अर्ध्या बोटाच्या फरकाने आम्ही आत शिरलो. गठ्ठे वेळेवर उतरले. ताईने श्वास सोडला, आणि नेमके त्याच वेळी मामा रागारागाने बॉनेटवरून उतरून निघून गेले. गाडीने अंग झाडल्यासारखं नाक उचललं. टप छताजवळच्या पाण्याच्या जाड पाइपखाली असा घट्ट बसला, की जणू पाइप त्यावरच उभा आहे. मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न सुरू झाले. मॅनेजर धावत खाली आला.

"हे काय आहे?"

"गाडी," दाजी म्हणाले.

"ते दिसतंय! ही वर कशी गेली?"

"कमी खर्चात."

मी मामांना शोधायला पळालो. ते लॉबीतल्या सोफ्यावर सापडले. सोफा पुरेसा खाली गेला होता. "त्याने माफी मागेपर्यंत मी उठत नसतो," ते म्हणाले. मी परतलो, तेव्हा ताई आधीच घडी घातलेल्या चादरीची पुन्हा घडी घालत होती. मग तिने चादर ठेवली आणि मॅनेजरकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साहेब, तुमचं वजन किती?"

मॅनेजर, एक आचारी आणि विमान चुकेल म्हणून रडकुंडीला आलेला एक पाहुणा एवढे आत्याशेजारी बसल्यावर टप पाइपखालून सुटला. दांडा पार होईपर्यंत कुणालाच उतरता येईना, म्हणून मॅनेजरची वरात थेट रस्त्यावर आली. पिकअप थांबली. सगळे उतरले. मॅनेजर बसून राहिला. समोरच्या हॉटेलच्या मॅनेजरला आयुष्यात पहिल्यांदा तो वरून बघत होता.

"इथून बरं दिसतं हो," तो हळूच म्हणाला.

करार त्याच बॉनेटवर झाला. त्यात एक कलम वाढलं: सकाळचा भार हॉटेल पुरवेल. ताईने सही केली आणि पहिल्यांदाच हसली. मॅनेजरने पुढच्याच आठवड्यात स्वतःची गाडी उंच करून घेतली. आता त्याचे सासरे रोज त्याच्यासोबत कामाला येतात.

हसलात? हसा. फक्त एकदा घरात बघून घ्या: ऐपतीपेक्षा चार बोटं वर नेलेली अशी कुठली वस्तू तुमच्याकडे आहे, आणि ती दारातून जावी म्हणून तिच्या नाकावर कोण बसलंय. बहुतेक तुम्हीच. उतरू नका, मागे रांग आहे.

दूधवाल्याच्या पिकअपचा मागच्या चाकांवरचा कमानपाटा (स्प्रिंगच ती) दोन वर्षांपूर्वी तुटला, आणि तेव्हापासून ती मागून खाली बसलेली आहे.